रेडिओतलं ताश्कंद

आमच्या घरात ताश्कंद हे शहराचं नाव नव्हतंच कधी. ती एक बातमी होती. ११ जानेवारी १९६६ ची सकाळ, पाटण तालुक्यातलं आमचं गाव, पंचायतीच्या ओट्यावरचा रेडिओ, आणि घोंगडं पांघरून थंडीत उभे असलेले सोळा वर्षांचे माझे वडील, आण्णा. शास्त्रीजी गेले. कुठं गेले, तर ताश्कंदला. संक्रांत तीन दिवसांवर आलेली, तीळ निवडून ठेवलेले, पण आजीनं त्या वर्षी तिळगूळ केलाच नाही. आणि कराड-पाटणच्या लोकांना आणखी एक हळहळ होती, ती म्हणजे आपले यशवंतराव तेव्हा संरक्षणमंत्री म्हणून तिथंच होते. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला म्हणून ज्यांच्याबद्दल अख्खा महाराष्ट्र बोलायचा ते साहेब तिथं असताना असं कसं झालं, हे गावातली म्हातारी माणसं कितीतरी वर्षं एकमेकांना विचारत बसायची.

शाळेत मग आम्हाला दोन ओळी होत्या, १० जानेवारीला भारत-पाकिस्तानचा करार झाला आणि त्याच रात्री शास्त्रीजींचं निधन झालं. झालं, धडा संपला. त्या दोन ओळींच्या पलीकडे तिथं लोक राहतात, सकाळी उठून भाकरी-भाजीच्या मागं लागतात, असं कधी मनातच आलं नाही माझ्या.

आण्णांना पंचाहत्तर पूर्ण झाली तेव्हा आम्ही भावंडांनी विचारलं, कुठं जायचंय सांगा. आम्हाला वाटलं काशी म्हणतील. ते म्हणाले, "ताश्कंद दाव मला एकदा."

जिथून तिकिटं काढली तिथल्या माणसानं ताश्कंदला एक दिवस पुरे, पुढं समरकंद-बुखारा करा असं सांगितलं. आम्ही सहा दिवस राहिलो आणि समरकंदला गेलोच नाही. मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

दिल्लीहून विमान साधारण तीन तासांत उझबेकिस्तानच्या या राजधानीत उतरतं. एप्रिलचा शेवटचा आठवडा, आपल्याकडे अंगाची लाही लाही होत असते आणि तिथं पहाटे स्वेटर लागत होता. उझबेक भाषेत तोश म्हणजे दगड आणि कंद म्हणजे गाव, दगडी गाव, हे मी वाचून गेले होते म्हणून डोळ्यासमोर करडं-पिवळं, उघडंबोडकं काहीतरी होतं. प्रत्यक्षात टॅक्सीच्या काचेतून झाडंच झाडं. चिनार, तुती, पॉपलर, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी इतकी गर्द की बिल्डिंगा मागून डोकावतात. या नावाचा अर्थ हजार वर्षांपूर्वी अल-बिरूनी या मध्य आशियातल्या पंडितानं लिहून ठेवलाय आणि तो कुठं, तर त्याच्या भारतावरच्या ग्रंथात. गावांची नावं भाषा बदलली की कशी बदलतात हे सांगताना तो म्हणतो की शाश हे या गावाचं जुनं नाव तुर्की ताश्कंदवरून आलंय, म्हणजे दगडाचं गाव. आपल्या देशाची ओळख करून देणाऱ्या पुस्तकात या गावाच्या नावाची फोड सापडावी, याचं मला फार अप्रूप वाटलं.

पण या दगडी गावाच्या आतल्या वस्त्यांची नावं मात्र बघा. जुन्या शहराच्या चार भागांपैकी एक सेबझोर, म्हणजे सफरचंदांची बाग, दुसरा बेशयोगोच, म्हणजे पाच झाडं. नंतर वाढलेल्या शहरात चिलोनझोर, चिलोन म्हणजे आपल्या बोराच्याच जातीचं झाड, म्हणजे बोरीची बाग. मी आण्णांना म्हटलं, हे त्यांचं बोरिवली. त्यांनी मान डोलावली आणि मग टॅक्सीवाल्याला खुणेनं थांबायला सांगितलं.

रस्ता आणि फूटपाथ यांच्या मधून वीतभर-हातभर रुंदीचा एक पाट वाहत होता. त्यांच्या भाषेत अरिक. आण्णा त्याच्या काठावर उकिडवे बसले, पाण्यात हात घातला आणि म्हणाले, "पाटाचं पाणी हाय हे. शहरात पाट!" ज्या माणसानं उभ्या आयुष्यात रात्री-अपरात्री उसाला दारं धरली त्याला ताश्कंद कुठलं स्मारक बघून कळणार नव्हतं, ते असंच कळणार होतं. पाणी बर्फासारखं गार. तियान शानच्या डोंगरातलं बर्फ वितळतं, ते चिरचिक नदीत येतं, नदीतून बोझसू, अनहोर, सलार असे कालवे शहरात शिरतात, आणि कालव्यातून हे पाट झाडांच्या मुळाशी जातात. पाऊस तिथं हिवाळ्यात आणि वसंतात पडतो, उन्हाळा कोरडाठाक, जून संपता संपता चाळीस दिवसांचा जो कडक काळ येतो त्याला ते चिल्ला म्हणतात आणि पारा चाळिशी सहज ओलांडतो. म्हणजे ही सगळी हिरवाई पावसानं दिलेली नाही, माणसांनी पाणी फिरवून फिरवून जगवलेली आहे. पाणी कुणाला कधी सोडायचं हे ठरवणाऱ्या माणसाला जुन्या काळी मिरोब म्हणायचे, म्हणजे आपला पाटकरीच. हे शहर दगडाचं नाहीच मुळी, पाटकऱ्यांचं आहे.

(हेच पाणी कापसासाठी सोव्हिएत काळात इतकं उपसलं गेलं की खाली सीर दर्या आणि आमू दर्या जिथं मिळायच्या तो अरल समुद्र आटला. ताश्कंदच्या सावलीत बसून ते विसरता येत नाही, निदान मला तरी नाही आलं.)

चोरसू बाजारात आम्ही तीनदा गेलो. चोर म्हणजे चार, चार रस्ते जिथं मिळतात ती जागा. वर १९८० मध्ये बांधलेला प्रचंड निळा-हिरवा घुमट आणि खाली गोल गोल रांगांत मांडलेला माल, पण बाजार इथला शतकानुशतकांचा. आण्णांना भाषेची अडचण पडेल म्हणून मी सारखी फोन काढत होते आणि त्यांना गरजच पडत नव्हती. बाजार म्हणजे बोझोर. दुकान म्हणजे दुकोन. तराजू म्हणजे तारोझी. कांद्याला पियोझ, कलिंगडाला तारवुझ, प्याल्याला पियोला, हिशेबाला हिसोब, बागेला बोग. कारागिराला हुनरमंद, म्हणजे आपल्या हुन्नरीचाच भाऊ. फारसी दोन्हीकडे मुरलीय, फक्त वेगवेगळ्या बरणीत. घोटाळा एकाच शब्दाचा झाला, सब्जी. त्यांच्याकडे सब्जी म्हणजे गाजर, बाकी कुठलीच भाजी नाही, फक्त गाजर. आणि पूल म्हणजे पैसे!

मोठ्या भावाला, किंवा वयानं थोड्या मोठ्या कुठल्याही पुरुषाला ते अका म्हणतात. बाजारभर अका, अका चाललेलं. आण्णांची थोरली बहीण ती आमची आक्का. दर दहा पावलांनी कुणी अका अशी हाक मारली की आण्णा वळून बघायचे. आक्काला जाऊन बारा वर्षं झालीत.

तिथल्या रोटीला नोन म्हणतात. भट्टी म्हणजे आपल्याला माहीत असलेलाच तंदूर, पण आडवा, तोंड पुढं असलेला. एक तरुण मुलगा करत होता, त्याच्या हातांकडे मी अर्धा तास बघत उभी राहिले. मळलेल्या गोळ्याची कड जाड ठेवून मधला भाग तो तळहातानं दाबायचा, मग लाकडी मुठीच्या आणि पुढं गोलात खिळे बसवलेल्या ठशानं मधोमध टोचायचा, म्हणजे तेवढा भाग फुगत नाही आणि वर फुलासारखी नक्षी उमटते. त्यावर थोडे तीळ किंवा कलौंजी. मग उशीसारख्या गादीवर उलटं ठेवून तो कोपरापर्यंत हात भट्टीत घालायचा आणि आतल्या भिंतीला चापट मारून चिकटवायचा. भिंतीवर पाण्याचा शिडकावा मारला की भस्सकन वाफ. निघालेलं नोन लालसर, कडेला मऊ आणि मध्ये कुरकुरीत. ते कधी पालथं ठेवायचं नाही, जमिनीवर ठेवायचं नाही, सुरीनं कापायचं नाही, हातानं मोडायचं आणि सगळ्यांसमोर तुकडे ठेवायचे. आण्णा पडलेल्या भाकरीच्या तुकड्याला उचलून कपाळाला लावतात, लहानपणापासून बघतेय. तिथं एका आजोबांनी अगदी तेच केलं. मी आण्णांकडे बघितलं, त्यांनीही बघितलं होतं.

आता १९६६ बद्दल लिहायला हवं, कारण मी तिथं गेले त्या दिवसापासून हेच डोक्यात आहे.

आम्ही जुन्या शहरातल्या एका घरात उतरलो होतो. हवेली म्हणजे आपल्याकडे मोठा वाडा, त्यांच्याकडे होवली म्हणजे अंगण असलेलं साधं घर. रस्त्याला आंधळी भिंत, आत शिरलं की अंगण, त्यात द्राक्षाचा मांडव, जर्दाळूचं झाड आणि मांडवाखाली तापचान, म्हणजे कठडा असलेला मोठा लाकडी चौथरा, त्यावरच जेवण, गप्पा, दुपारची झोप. मालकीणबाईंची नात कॉलेजात शिकते, इंग्रजी चांगलं बोलते, ती आमची दुभाषी. आण्णांना तिथं सगळे आदरानं ओताखॉन म्हणायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारचे एक आजोबा चहाला आले. दूध नसलेला हिरवा चहा, आधी पियोल्यात ओतून पुन्हा किटलीत परत, असं तीनदा, आणि पाहुण्याला पियोला अर्धाच भरून द्यायचा, कारण काठोकाठ भरला तर पी आणि ऊठ असा अर्थ होतो.

आण्णांनी नातीमार्फत विचारलं, १९६६ आठवतं का तुम्हाला?

आजोबा म्हणाले, आठवतं म्हणजे काय, नऊ वर्षांचा होतो. आणि सांगायला लागले. आम्ही शास्त्रीजींचं ऐकायला कान टवकारलेले, आणि ते सांगत होते जमीन कशी उसळली ते.

२६ एप्रिल १९६६, पहाटे ५ वाजून २३ मिनिटं. भूकंप तसा फार मोठा नव्हता, ५.२ च्या आसपासचा, पण केंद्र थेट शहराच्या मध्याखाली आणि जमिनीपासून अगदी थोड्या किलोमीटरवर. त्यामुळे आधी हेलकावे नाहीत, इशारा नाही, खालून एकदम बुक्की मारल्यासारखा धक्का. जुन्या मातीच्या विटांची घरं मध्यभागात ढासळली, सुमारे ३ लाख माणसं बेघर झाली. शास्त्रीजींना जाऊन साडेतीन महिनेच झाले होते. म्हणजे ज्या वर्षी आमच्या गावानं ताश्कंदसाठी तीळ तसेच ठेवून दिले त्याच वर्षी ताश्कंद स्वतः रस्त्यावर आलं होतं, आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. मला याचं खूप वाईट वाटलं. कुणाची चूक होती असं नाही, पण एवढं जवळचं नाव आणि एवढं अंतर.

आण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग नातीला म्हणाले, त्यांना सांग, आमच्याकडे ११ डिसेंबर १९६७. पहाटेच. चार वाजून वीस मिनिटांच्या सुमाराला.

कोयनेचा भूकंप आमच्या घरात ताश्कंदापेक्षाही कमी बोलला जातो. सहाच्या वरचा होता तो, कोयनानगर बसलं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, मुंबई-पुण्यापर्यंत हादरे बसले. आमचं घर दगडमातीचं, जाड भिंतींचं. त्या भिंतीखाली आण्णांचे आजोबा गेले. हे मला माहीत होतं, पण आण्णांच्या तोंडून सलग असं मी पहिल्यांदा ऐकलं, ताश्कंदच्या द्राक्षाच्या मांडवाखाली, एका अनोळखी मुलीला वाक्य वाक्य थांबून सांगताना. ती भाषांतर करायची आणि आजोबा हुं, हुं करायचे. मग दोघंही म्हातारे एकदम कामाचं बोलायला लागले. तुमची भिंत कशाची होती? किती जाड? आजोबांनी आम्हाला उठवून घराच्या जुन्या खोलीत नेलं, एका ठिकाणी गिलावा निघालेला होता तिथं बोट ठेवलं. आत पॉपलरच्या लाकडाची चौकट, उभे खांब, तिरके टेकू, आणि मधल्या मोकळ्या जागेत मातीचे गोळे भरलेले. याला सिंच म्हणतात. जमीन हलली की लाकूड थोडं वाकतं, कुरकुरतं, माती गळून पडते पण चौकट उभी राहते आणि माणूस बाहेर पळू शकतो. ती खोली १९६६ च्या आधीची. आण्णांनी त्या तिरक्या लाकडावर हात फिरवला आणि मला म्हणाले, "आपल्यात बी माळवद लाकडाचं हुतं. पर भिंत नुसता धोंडा. धोंडा लवत न्हाई."

दुसऱ्या दिवशी भूकंपाचं स्मारक बघायला गेलो. १९७६ मध्ये उभारलेलं. काळ्या दगडाचा एक ठोकळा, दुभंगलेला, त्यावर तारीख आणि ५ वाजून २३ मिनिटांवर थांबलेलं घड्याळ. ठोकळ्यातली भेग जमिनीवरच्या फरशीतून पुढं जाते आणि एका पुरुषाच्या पायापाशी येऊन थांबते. तो हात पुढं करून उभा आहे, मागे बाई, तिच्या कडेवर मूल. मूर्ती मोठी, सोव्हिएत धाटणीची, छाती-बिती भरदार. एरवी मला असली शिल्पं फारशी भावत नाहीत, पण ती भेग मात्र पायांनी चालत बघावी लागते आणि चालताना पोटात गोळा येतो. आण्णा त्या भेगेवर पाय ठेवत नव्हते, कडेकडेनं चालत होते.

पुढचं शहर या भेगेतून उगवलंय. सोव्हिएत संघाच्या सगळ्या प्रजासत्ताकांमधून बांधकामवाले आले, वस्त्याच्या वस्त्या उभ्या राहिल्या. मला वाटलं होतं कंटाळवाणे ठोकळे असतील. ठोकळे आहेतच, पण उन्हाच्या बाजूला सिमेंटच्या जाळ्या, जुन्या लाकडी जाळ्यांच्या नक्षीच्या, आणि कितीतरी चार-नऊ मजली बिल्डिंगांच्या आंधळ्या भिंतींवर भलीमोठी रंगीत मोझॅइक, झार्स्की भावंडांनी केलेली. लोक खाली बाकावर भोपळ्याच्या बिया सोलत बसलेले आणि वर डाळिंबं, सूर्य, पक्षी.

मेट्रो १९७७ ची, मध्य आशियातली पहिली, धक्क्यांचा विचार करून बांधलेली. २०१८ पर्यंत आत फोटो काढायला बंदी होती. कोस्मोनावतलर, म्हणजे अंतराळवीर, या नावाचं स्टेशन निळंशार, खालून वर गडद होत जाणारं, भिंतीवर गागारीन, तेरेश्कोवा आणि त्यांच्याच जोडीला पंधराव्या शतकातला समरकंदचा उलुगबेग, कारण आकाश त्यानंही मोजलं होतं. आम्ही तिथं चार गाड्या सोडल्या.

या शहरानं माणसं कशी सामावून घेतली त्याची एकच गोष्ट सांगते. दुसऱ्या महायुद्धात पश्चिमेकडून लाखो लोक गाड्या भरभरून उझबेकिस्तानात पाठवले गेले, त्यात अनाथ पोरं खूप. शोअहमद शोमहमुदोव नावाच्या ताश्कंदच्या लोहारानं आणि त्याच्या बायकोनं, बहरी अक्रमोवानं, १५ मुलं घरात घेतली, वेगवेगळ्या जातीधर्मांची, वेगवेगळ्या भाषांची. त्या कुटुंबाचा पुतळा आहे शहरात. पंधरा! आण्णांनी पुतळ्यातली पोरं मोजायचा प्रयत्न केला.

चौथ्या दिवशी डोंगराकडे गेलो. दीडेक तासात चिमगान, मोठं शिखर ३,३०९ मीटर, वर बर्फ आणि खालच्या उतारांवर लाल खसखशीची फुलं, हिरव्या गवतात कुणी कुंकू सांडल्यासारखी. आणि पुढं चारवाकचा जलाशय. पिरोजी रंगाचं पाणी, चारी बाजूंनी डोंगर. १६८ मीटर उंचीचं धरण, कोयनेचं १०३. आण्णा गाडीतून उतरले आणि म्हणाले, "शिवसागर!" कोयनेच्या जलाशयाचं नाव ते. मग काही वेळानं, हळूच, "ह्येच्या खाली बी गावं आसतील." होती. चिरचिकला मिळणाऱ्या नद्यांच्या काठची वस्ती पाण्याखाली गेलीय.

शास्त्रीजींच्या पुतळ्याकडे आम्ही पाचव्या दिवशी गेलो. खरं तर त्यासाठीच आलो होतो. त्यांच्या नावाचा रस्ता आहे, शाळा आहे, आणि झाडांच्या सावलीत अर्धपुतळा. आण्णांनी सातारहून रुमालात बांधून तिळाच्या चार वड्या आणल्या होत्या, मला ठाऊकच नव्हतं. पायाशी ठेवल्या, हात जोडले. कराराच्या दुसऱ्या दिवशी शास्त्रीजींची शवपेटी विमानापाशी नेताना सोव्हिएत पंतप्रधान कोसिगीन आणि पाकिस्तानचे अध्यक्ष अयुब खान यांनी खांदा दिला होता हे मी त्यांना सांगितलं. "म्हाईत हाय," म्हणाले, "रेडिओवर सांगितलं हुतं." समोरून एक बाई मुलाला शाळेत घेऊन चालली होती, मूल पाटात काडी सोडून तिच्यामागं पळत होतं.

कोयनेच्या भूकंपापासून आण्णांना पहाटे चारनंतर झोप नाही. शेवटच्या दिवशीही ते उठून दारात जाऊन बसले, मी मागोमाग गेले. गल्लीत अजून अंधार. समोरचं दार उघडलं आणि त्या घरची नवी सून बाहेर आली, डोक्याला रुमाल, हातात बादली. आधी तिनं दारापुढची जमीन खराट्यानं झाडली, मग बादलीत हात बुडवून ओंजळीओंजळीनं पाणी शिंपडायला लागली, डावीकडून उजवीकडे, अगदी गल्लीच्या मध्यापर्यंत. पलीकडच्या दारातही तेच चाललेलं. मातीचा वास आला.

"सडा घालत्यात," आण्णा म्हणाले, आणि तिची जमीन ओली होईस्तोवर पाय वर घेऊन पायरीवर बसून राहिले.